अंतराळप्रवास, अंतराळवास आणि मराठी विज्ञानकथा

१

मराठीत 'वास' या पदाने घडलेल्या शब्दांचे एक मोठे कुटुंब आहे : वनवास, अज्ञातवास, कारावास, सासुरवास, सहवास, उपवास. या प्रत्येक शब्दात काळ सोसण्याची कल्पना अनुस्यूत आहे. 'प्रवास' हा शब्दही मूळचा याच कुटुंबातला. संस्कृतात त्याचा अर्थ घरापासून दूर राहणे असा होता. मराठीत त्यातील राहण्याचा अर्थ विरत गेला आणि जाण्यायेण्याचा अर्थ तेवढा उरला. शब्दार्थातील हा बदल मराठी विज्ञानकथेच्या एका मर्यादेवर नेमका प्रकाश टाकतो. मराठी विज्ञानकथेने अंतराळप्रवास भरपूर लिहिला. अंतराळवास मात्र तिने क्वचितच लिहिला.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. प्रवासाच्या कथेला आरंभ, अडथळा आणि मुक्काम असतो. तिची गती घटनांवर चालते. वासाच्या कथेत घटना अल्प आणि दिवस पुष्कळ असतात. तेथे दिनचर्या हीच घटना ठरते. वालेरी पोल्याकोव्ह हा रशियन वैद्य १९९४-९५ मध्ये 'मीर' स्थानकावर सलग ४३७ दिवस राहिला. फ्रँक रुबिओ याने २०२२-२३ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर ३७१ दिवस काढले. सुमारे आठवडाभराच्या मोहिमेसाठी जून २०२४ मध्ये गेलेल्या सुनीता विल्यम्स मार्च २०२५ मध्ये, २८६ दिवसांनी परतल्या. या अनुभवांना 'सफर' किंवा 'स्वारी' म्हणता येत नाही. तो वास आहे, आणि त्याचे वाङ्मयीन रूप कोणते, हा प्रश्न मराठी समीक्षेने अद्याप गंभीरपणे हाताळलेला नाही.

२

या अभावाची कारणे परंपरेच्या घडणीत शोधावी लागतात. मराठीतील अंतराळकथेचा आरंभ ज्यूल व्हर्नच्या भाषांतरांपासून सांगितला जातो. 'केरळ कोकिळ' मासिकातील 'चंद्रलोकची सफर' असो किंवा पुढे भा. रा. भागवतांनी मराठी मुलांच्या हाती दिलेली 'चंद्रावर स्वारी' असो, 'सफर' आणि 'स्वारी' हे शब्दच वाचकाची अपेक्षा निश्चित करतात. व्हर्नच्या मूळ कथेतील तोफगोळा हा जणू सजवलेला दिवाणखाना आहे. वजनरहित अवस्था तेथे पृथ्वी आणि चंद्र यांच्या ओढी समसमान होतात त्या बिंदूवर घटकाभर येते आणि निघून जाते. ही भौतिकशास्त्रीय चूक होय. इंजिन बंद असलेले यान मुक्तपणे पडत असल्यामुळे आतील प्रवासी सर्वकाळ वजनरहित असतात. परंतु ही चूक वाङ्मयीनदृष्ट्या अधिक बोलकी आहे. वजन हरवणे ही गंमत आहे, अवस्था नव्हे, असा संस्कार ती वाचकावर करते.

दुसरे कारण विज्ञानकथेच्या प्रयोजनात आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथास्पर्धेच्या मार्गाने या वाङ्मयप्रकाराला बळ दिले. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांनी १९७४ मध्ये याच स्पर्धेसाठी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठविली आणि मराठी विज्ञानकथेला नवी प्रतिष्ठा लाभली. नारळीकर, बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर या लेखकांनी विज्ञानाचा विचार सुबोध मराठीत कथारूपाने आणला, हे त्यांचे ऋण निर्विवाद आहे. मात्र विज्ञानप्रसार हे प्रयोजन स्वीकारले की कथेचा केंद्रबिंदू संकल्पनेकडे सरकतो. पात्र हे त्या संकल्पनेचे वाहन होते आणि पात्राचा देह हा तिचा पुरावा होतो.

नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मोबियस पट्टीसारख्या पिळवटलेल्या अवकाशातून गेल्यामुळे डाव्याचे उजवे होते, ही तिची मध्यवर्ती कल्पना. गणपतीची मूर्ती आणि क्रिकेटचे मैदान या परिचित गोष्टींशी ती अशी काही जोडली आहे की गणितातील एक अमूर्त कल्पना मराठी वाचकाच्या घरात येऊन बसते. कथा म्हणून तिचे हे यश मोठे आहे. पण तिचा सगळा ताण कोड्याच्या उकलीवर आहे. उलटा झालेला देह त्या कोड्याची साक्ष देण्यापुरता येतो. त्या देहाला पृथ्वीवरचे अन्न पचेल काय, रोजच्या स्पर्शाची सवय मोडल्यावर जवळची माणसे त्याला कशी भासतील, हे प्रश्न कोड्याच्या रचनेत उद्भवत नाहीत. हा त्या एका कथेचा दोष नव्हे. कोडे सुटले की संपणाऱ्या कथेला त्यानंतरच्या तीनशे दिवसांचे करायचे काय, ही तिच्या वाङ्मयप्रकारापुढील खरी अडचण आहे.

३

अंतराळवासात देह हा पुरावा राहत नाही; तो रणभूमी होतो. पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण नाहीसे झालेले नसते. ते भूपृष्ठावरच्या सुमारे नऊ-दशांश इतके शिल्लक असते. स्थानक आणि त्यातील माणसे पृथ्वीभोवती अखंड कोसळत असतात, म्हणून वजन जाणवत नाही. या अखंड कोसळण्याला शरीर आपल्या परीने उत्तर देते. पायांकडे उतरणारे द्रव छाती-डोक्याकडे सरकतात. चेहरा सुजतो, पाय बारीक होतात, नाक चोंदल्यासारखे होऊन अन्नाची चव मंदावते. मणक्यांमधील अंतर वाढून उंची काही सेंटिमीटरने वाढते आणि पाठ दुखते. कित्येकांच्या डोळ्यांच्या मागील भागावर परिणाम होऊन दृष्टी बदलते. भार पेलण्याचे काम उरत नाही, म्हणून हाडे आपला साठा सोडू लागतात. पुरेशी काळजी न घेतल्यास नितंबासारख्या भार वाहणाऱ्या हाडांची घनता महिन्याला सुमारे एक ते दीड टक्क्याने घटते. ते कॅल्शियम रक्तात उतरते आणि मूतखड्याचा धोका वाढवते. हे रोखण्यासाठी दररोज सुमारे दोन तास यंत्रांवर व्यायाम करावा लागतो.

मराठी वाचकाला येथे 'माझी जन्मठेप'मधील कोलू आठवल्यावाचून राहणार नाही. अंदमानात तो कोलू परक्या सत्तेने माथी मारला होता, देहाला मोडण्यासाठी. अंतराळातील यंत्र स्वखुशीने पत्करलेले आहे, देह मोडू नये यासाठी. तरीही कोंडलेल्या जागेत, ठरलेल्या प्रहरी, देहाकडून वसूल केले जाणारे श्रम या दोहोंत समान आहेत. फरक असा की कैद्याला निदान दिवस आणि रात्र यांची साक्ष असते. स्थानक सुमारे नव्वद मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करते, त्यामुळे चोवीस तासांत सोळा वेळा सूर्य उगवतो. झोप घड्याळावर सोपवावी लागते. यंत्रांची घरघर कधी थांबत नाही.

वजन गेल्याने भाषेचेही काही हरवते, हे समीक्षेने विशेषत्वाने लक्षात घ्यायला हवे. मराठीत शब्दाला वजन असते, अंतःकरण जड होते, मन हलके होते, माणूस भारदस्त असतो आणि गर्विष्ठाचे पाय जमिनीवर नसतात. नीतीची आणि भावनेची ही सारी परिभाषा गुरुत्वाकर्षणावर उभी आहे. जात्यावरची ओवी हे त्याचे ठळक उदाहरण. तिची लय जितकी दळणारीच्या हाताची, तितकीच दगडाच्या वजनाची. वजनरहित अवस्थेत जात्याचा वरचा दगड खालच्या दगडाला दाबणार नाही, दाणे खाली उतरणार नाहीत, आणि ज्या श्रमाच्या फेऱ्यातून ओवी उमटली तो फेराच पडणार नाही. म्हणजे अंतराळवास लिहिणाऱ्या मराठी लेखकापुढे केवळ नव्या आशयाचा प्रश्न नाही. त्याच्या भाषेची लय ज्या भारावर पोसली गेली, तो भार काढून घेतल्यावर वाक्य कसे चालेल, हा प्रश्न आहे.

शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैमध्ये सुमारे वीस दिवस अंतराळात राहून आले. परतल्यावर हातातला फोन जड वाटला आणि बिछान्यावर बसून काम करताना मिटलेला लॅपटॉप तरंगेल या सवयीने बाजूला सोडला तो खाली पडला, असे त्यांनी सांगितले. या लहानशा हकिकतीत एका श्रेष्ठ विज्ञानकथेचे बीज आहे. बुद्धीला ठाऊक असलेले गुरुत्वाकर्षण हात विसरला, हा तिचा आशय. त्यात संकल्पनेचे स्पष्टीकरण नाही, कोडे नाही. देहाची स्मृती आहे. संकल्पनाप्रधान विज्ञानकथा नेमकी येथे कमी पडते, कारण तिचा निवेदक सर्व जाणतो, परंतु त्याला हात नसतात.

४

देहानंतरचा दुसरा प्रश्न सहजीवनाचा आहे. मिखाईल बाख्तीन याने कादंबरीच्या कालावकाशाचा विचार करताना सार्वजनिक चौकाला महत्त्वाचे स्थान दिले. चौकात अनोळखी माणसे भेटतात, वेगवेगळ्या बोली एकमेकींवर आदळतात, उच्च आणि नीच यांची सरमिसळ होते. कादंबरीतील अनेकस्वरता या मिश्रणातून पोसली जाते. हा सिद्धान्त मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. छत्रपती संभाजीनगरातील, पूर्वीच्या औरंगाबादेतील, क्रांती चौक हा त्याचा प्रत्यक्ष दाखला आहे. पैठण गेट, उस्मानपुरा आणि जालना रस्ता यांकडून येणारी माणसे तेथे एकमेकांना ओलांडतात. १८५७ च्या उठावातील शिपायांना जेथे मृत्युदंड दिला गेला त्या काळ्या चबुतऱ्याची स्मृती तेथे आहे, आणि शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळाही आहे. ९ ऑगस्ट २०१६ रोजी मराठा क्रांती मोर्चा याच चौकातून निघाला. त्या मूक मोर्चाचा आशय घोषणांत नव्हता. तो एका जागी उभ्या राहिलेल्या देहांच्या भारात होता. चबुतरा, पुतळा आणि मोर्चा यांपैकी कोणताही घटक वजनावाचून कल्पिता येत नाही.

अंतराळ स्थानक ही चौक नसलेली वस्ती आहे. क्रांती चौकापासून मुंबई रस्त्याने जितकी दूर, त्याहून फारसे अधिक नसलेल्या उंचीवरून ते जाते आणि आकाश निरभ्र असेल तर सांजवेळी त्याचा ठिपका याच चौकातून नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो. पण चौकातल्या माणसाला लाभणारी एक गोष्ट तेथे मुळीच नसते : अनोळखी माणूस. सहा-सात सहकारी, तेच आवाज, त्याच सवयी. भांडण झाले तर बाहेर पडून एक फेरी मारून येण्याची सोय नाही. पाऊस नाही, धूळ नाही, उन्हाची तिरीप अंगावर पडत नाही. घरच्यांशी बोलता येते, पृथ्वी खिडकीतून दिसते, म्हणून आजचा अंतराळवास अजून सुसह्य आहे. मंगळाच्या वाटेवर तीही सोय उरणार नाही. तेथून निघालेला शब्द पृथ्वीवर पोहोचण्यास ग्रहांच्या स्थितीनुसार सुमारे तीन ते बावीस मिनिटे लागतील, म्हणजे संवाद संपून पत्रव्यवहार सुरू होईल. जाऊन येण्यास सुमारे तीन वर्षे लागतील आणि पृथ्वी हा एक ठिपका होईल. या एकांताची रंगीत तालीम म्हणून मॉस्कोत सहा जणांना २०१०-११ मध्ये ५२० दिवस बंदिस्त ठेवण्यात आले होते.

चौक नसेल तर कादंबरीचे काय होते? याचे उत्तर प्रत्यक्ष अंतराळवासियांनीच दिले आहे : ते रोजनिशी लिहितात. वालेन्तिन लेबेदेव याने १९८२ मध्ये 'साल्यूत ७'वरील २११ दिवसांच्या वास्तव्यात लिहिलेली रोजनिशी पुढे प्रसिद्ध झाली. अमेरिकन अंतराळवीरांच्या खासगी रोजनिश्यांचा अभ्यास झाला तेव्हा त्यांत सर्वाधिक उल्लेख कामाचे आढळले. घराशी संपर्क, जुळवून घेणे, सहकाऱ्यांशी संबंध, झोप, अन्न हे विषय त्यापाठोपाठ होते. विश्वाच्या भव्यतेपेक्षा कामाचा आणि जेवणाचा विचार माणसाला अधिक व्यापतो, हे या रोजनिश्यांचे वाङ्मयीन सत्य आहे. शुक्ला यांनी सोबत नेलेला आमरस आणि गाजराचा हलवा यांना बातम्यांत कौतुकाचा विषय म्हणून जागा मिळाली. वस्तुतः ती अंतराळवासाच्या आशयाची किल्ली आहे.

५

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेल्या देशीवादाने साहित्याचे भूमीशी असलेले नाते मूल्य म्हणून पुढे आणले. या भूमिकेतून असे विचारले जाऊ शकते की, ज्याला भूमीच नाही अशा अनुभवाशी मराठी साहित्याचा संबंध काय? अंतराळवास ही बलाढ्य राष्ट्रांची चैन आहे. तो मराठीत आणणे म्हणजे पुन्हा एकदा उसनवारी करणे नव्हे काय?

आक्षेप सरसकट फेटाळण्यासारखा नाही. परंतु भूमीचे मोल भूमी सुटल्यावरच पुरते कळते, याची साक्ष अंतराळवासाइतकी स्पष्ट क्वचितच दुसरीकडे मिळेल. सेर्गेई क्रिकाल्योव्ह मे १९९१ मध्ये 'मीर'वर गेला तेव्हा सोव्हिएत संघ अस्तित्वात होता. मार्च १९९२ मध्ये, ३११ दिवसांनी तो उतरला तेव्हा तो संघ उरला नव्हता. ज्या तळावरून त्याने उड्डाण केले तो आता कझाकस्तान या स्वतंत्र देशात होता, आणि त्याच्या जन्मगावाचे लेनिनग्राड हे नाव जाऊन सेंट पीटर्सबर्ग झाले होते. गावाचे नाव बदलले की माणसाच्या स्मृतीचे काय होते, हे मराठवाड्यातील वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. क्रिकाल्योव्हचा अनुभव तंत्रज्ञानाचा नाही. तो देशाचा आहे. देशीवादाला तो परका ठरत नाही. उलट 'देश' म्हणजे नकाशा, सत्ता, नाव, की पायाखालची जमीन, हा देशीवादाचा स्वतःचाच प्रश्न तो कठोरपणे विचारतो.

आक्षेपाचा दुसरा भाग, उसनवारीचा, मात्र मराठी विज्ञानकथेने गंभीरपणे घ्यायला हवा. तिचा नायक बहुधा उच्चशिक्षित, शहरी आणि देहाविषयी निश्चिंत असतो. स्वतःच्या शरीराचा विसर पडणे ही ज्यांची पोटे भरलेली आहेत त्यांची सवय आहे. मराठी गद्याला देह परत मिळाला तो प्रामुख्याने दलित आत्मकथनांतून. दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) आणि लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) या ग्रंथांनी भूक, घाम, मार, दुर्गंधी, अंगावरचे फाटके वस्त्र यांना आशयाचे केंद्र केले. सांगणाऱ्याला देह आहे आणि त्या देहावर समाज लिहिला गेलेला आहे, ही जाणीव त्यांनी मराठी निवेदनाला दिली. त्याच कालखंडात बहरलेल्या विज्ञानकथेने या जाणिवेशी फारसे नाते जोडले नाही. एकाच भाषेतील दोन समकालीन प्रवाह एकमेकांना अपरिचित राहिले, आणि त्यात अधिक नुकसान विज्ञानकथेचे झाले.

६

या विसराचे परिणाम वाङ्मयाबाहेरही दिसतात. सुनीता विल्यम्स अंतराळात असताना त्यांच्या छायाचित्रांवरून प्रकृतीची चर्चा झाली. वजन घटलेले नाही, द्रव वर सरकल्यामुळे रूप बदललेले दिसते, असे त्यांनी स्वतः सांगितले. तरी वृत्तांमध्ये 'अडकली' आणि 'सुटका' हीच पदे राहिली. परतल्यावर त्याच 'अडकलेल्या' स्त्रीची 'वीरांगना' झाली. दोन्ही प्रतिमांत तिचे स्वतःचे सांगणे हरवले. 'अंतराळवीर' या मराठी शब्दातच हा पूर्वग्रह दडलेला आहे. वीराला पराक्रम असतो. त्याला दिनचर्या नसते, मूतखडा होत नाही, सहकाऱ्याच्या आवाजाचा वीट येत नाही. 'अंतराळवासी' हा शब्द रुजला असता तर कदाचित प्रश्नही वेगळे विचारले गेले असते.

यावरून मराठी विज्ञानकथेच्या मूल्यमापनाचा एक निकष हाती येतो. कथेतील विज्ञान अचूक आहे की नाही, हा निकष आवश्यक आहे पण पुरेसा नाही. त्या विज्ञानाची किंमत कोणाच्या हाडांनी, कोणाच्या झोपेने आणि कोणाच्या नात्यांनी मोजली, हे कथेला ठाऊक आहे काय, असाही प्रश्न विचारायला हवा. या प्रश्नाला उत्तर देण्याची साधने मराठीला बाहेरून आणावी लागणार नाहीत. कोंडलेल्या काळाचे लेखन तुरुंगवासाच्या साहित्यात आहे. दूर गेलेल्या जिवाचे बोलणे सासुरवासिनीच्या ओव्यांत आहे; तेथे माहेर म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, पण रोज मोजला जाणारा पल्ला असतो. देहाला साक्षीदार करण्याचे धैर्य दलित आत्मकथनांत आहे. पोल्याकोव्ह ४३७ दिवसांनंतर उतरला तेव्हा यानापासून जवळच्या खुर्चीपर्यंतचे अंतर स्वतःच्या पायांनी चालत गेला. मंगळावर पोहोचलेला माणूस उभा राहू शकेल, हे त्याला दाखवायचे होते. त्या काही पावलांना शरीरशास्त्राने प्रयोग म्हटले. ती पावले किती जड पडली असतील, हे सांगण्याचे काम साहित्याचे आहे, आणि मराठीत ते अद्याप व्हायचे आहे.